दोरीचा चॉपर

कच्च्या कांद्याचा वास आला की मला अजून धाकट्या जावेचा राग येतो. हिर्डोशीच्या आमच्या घरात सुरी माझी होती. लग्नकार्यात भाजी चिरायला अख्खी वाडी मलाच बोलवायची. धाकटी माहेराहून येताना कापूरहोळला उतरून दोरी ओढायचा हिरवा चॉपर घेऊन आली. "खेळणं आणलंस व्हय?" मी म्हटलं. तिनं कांदा आत टाकून घर्रघर्र दोरी ओढली आणि तो भुगा सासूबाईंच्या ताटात भाकरीशेजारी वाढला. आमच्याकडे जेवताना कांदा बुक्कीनं फोडून खायची रीत. दात पडल्यापासून सासूबाईंनी तो सोडूनच दिला होता. त्या दिवशी त्यांनी ताट बोटानं निपटून खाल्लं आणि धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. "लई दिसांनी त्वांडाला चव आली, पोरी." माझ्या डोक्यावरून असा हात कधी फिरला नव्हता. मी फणकारले, "आत्या, मला सांगितलं असतं तर म्या नसता का दिला चिरून?" त्या साधेपणानं म्हणाल्या, "तू मानाची चिरणारी. तुला येवढ्याशा कांद्याला कुठं बसवायचं?" पुढं त्या गेल्या, धाकटी पुण्याला गेली, चॉपरची दोरीही तुटली. आता घरात बिनदाताचं कोणी नाही. तरी कांदा त्या भुग्याहून बारीक झाल्याशिवाय मी सुरी खाली ठेवत नाही.