आभाळातला बांध

कुंडलच्या कीर्तीला कुणी विचारलं, बाई तू काय काम करतेस, की ती म्हणायची, "भांडणं लावते." त्यात खोटं काही नव्हतं. सांगलीला कॉम्प्युटर शिकून आलेली ही पोरगी फोनवरचा एक खेळ बनवत होती. आभाळात मोठमोठे दगड फिरतात, त्यांच्या पोटात सोनं-लोखंड. ज्यानं त्यानं आपल्या दगडावर खाण काढायची आणि दुसऱ्याची बुडवायची. त्याचं यंत्र मोडा, त्याची गिऱ्हाइकं पळवा, गोड बोलून भागीदारी करा आणि वेळ साधून पाय ओढा. आभाळ एवढं मोठं, पण माणसाला शेजाऱ्याचंच पाहिजे असतं.

तिचा जोडीदार चुलतभाऊ गोमटेश. दोन फोन एकमेकांना जोडायचं काम सगळं त्याच्या हातात. सांगलीला असताना दोघं एका डब्यात जेवली. गावाला आली आणि वैरी झाली, कारण दोघांच्या बापांत बांध होता. कीर्तीचे वडील शांतिनाथ म्हणायचे, थोरला भाऊ दर नांगरटीला बांध बोटभर कोरतो आणि द्राक्षाची बाग आपल्याकडं ओढतो. थोरला बाहुबली म्हणायचा, "बांध हाय तिथंच हाय. धाकल्याच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय."

हेच बांध कोरणं कीर्तीनं खेळात घातलं. दुसऱ्याच्या दगडाच्या कडेला यंत्र लावायचं आणि दर खेपेला केसभर आत सरकायचं. इतकं कमी, की शेजाऱ्याच्या फोनवर इशारासुद्धा येत नाही. त्याला कळतं तेव्हा अर्धा दगड गेलेला असतो. खेळातला सगळ्यात वंगाळ डाव, आणि सगळ्यात चांगलाही तोच. साताऱ्याच्या एका कंपनीनं तो ऐकूनच रविवारी खेळ दाखवायला बोलावलं होतं. तो काढला तर उरत होते नुसते फटाके.

एवढ्यावर थांबली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण दोन दगडांच्या मधली खूण म्हणून तिनं एक वाकडी बाभळ रंगवली, त्यांच्या बांधावर होती तशीच. आभाळात बाभळ! गोमटेशनं ती बघितली आणि काम बंद केलं.

"माझ्या बापाला चोर करून आभाळात टांगतीस व्हय गं?"

"नाव कुठं घातलंय?"

"बाभळ घातलीस की! नाव कशाला पायजे?"

"बाभळ काढते. डाव न्हाई काढणार."

"मग जा एकटीच साताऱ्याला. खेळ तिथं सोताशीच."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर खुद्द बाहुबली गोमटेशला घेऊन कीर्तीच्या घरी सोप्यात येऊन बसला. बांधाचं भांडण लागल्यापासून त्यानं ह्या घराचा उंबरा शिवला नव्हता. चातुर्मास चालू होता. दिवस मावळला की तो अन्नच काय, पाण्याचा घोटही घेत नसे. म्हणून घाईत होता.

"काकीनं ताट वाढायच्या आत जायचंय मला. तेवढा डाव काढ, म्हंजे पोरगं तुझं काम करंल."

"काका, तुमी खरंच बांध कोरत न्हाई?"

"न्हाईच कोरत."

"मग माझ्यासंगं एकदा खेळा. जिंका, न्हाईतर हरा. तो डाव न वापरता उठलात, तर मी तो कायमचा काढते. एकदा जरी वापरलात, तर गोमट्यानं गुमान माझं काम करायचं."

बाहुबली हसला. "पोरखेळ हाय. जोड रं गोमट्या."

गोमटेशनं तोंड पाडून फोन जोडले आणि बापाच्या शेजारी बसला. कीर्तीनं पहिल्याच सपाट्याला काकाचं यंत्र उडवलं.

"आगं, इचारणं न्हाई, सांगणं न्हाई!"

"खाण हाय काका, लगीन न्हाई."

दुसरं यंत्र लावलं, तेही उडालं. कीर्ती दात काढत म्हणाली, "बाबा म्हणतात ते खरंय. काकांना समोरासमोर जमत न्हाई."

"आण्णा, तिच्या तोंडाला लागू नगा," गोमटेश म्हणाला.

त्यानंतर बाहुबली सावरून बसला. पाय वर घेतले, चष्मा पुसला. त्याचा अंगठा फोनवर हळूहळू कडेला गेला. कीर्तीच्या फोनवर काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त गोमटेशला, आणि तो भिंतीकडं बघत बसला. बाप मात्र रंगात आला होता. पोराला मांडीला कोपर मारून म्हणाला, "बघ, शीक. सगळा एकदम घेतला की बोंब हुती. आपुन पाऊस पडून गेल्यावर कोरतो का न्हाई, माती आपसूक ढासळली म्हणायला? तसं हितं धुरळा उठला की सरकायचं."

मग आतून शांतिनाथचा आवाज आला, "ऐकलं न्हवं सगळ्यांनी?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून चंदनबालाकाकीनं हाक मारली, "आवं, दिवस बुडाला की! ताट तसंच झाकून ठिवलंय!"

बाहुबलीनं अंगणात बघितलं. उजेड सरला होता. पैज गेली, जेवण गेलं, उद्या दिवस उगवेपर्यंत पाणीसुद्धा गेलं. त्यानं फोन खाटेवर आपटला. "पोरीनं उपाशी मारलं मला! ह्या घरात पुन्ना पाय ठिवणार न्हाई."

"बोलावलं हुतं कुणी?" शांतिनाथ आतूनच म्हणाला.

गोमटेश बापामागं गेला नाही. लॅपटॉप उघडून शब्दाप्रमाणं काम करत बसला. मान वर न करता म्हणाला, "तुझा डाव ऱ्हाईल. पण मग माझाबी एक ऱ्हाईल."

"कसला?"

"शेजाऱ्याची पाळी आली की त्याच्या यंत्राचा फ्यूज काढून आपल्या खिशात घालायचा. आन् मग त्याच्याच संगं तो हुडकत हिंडायचं."

आत शांतिनाथ उगीचच खाकरला. सामाईक विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज बाहुबलीच्या पाळीलाच कसा हरवतो, हे कोडं गावाला पडलं असेल. कीर्तीला नव्हतं. वडिलांचे सदरे तीच धुवायची.

ती नको म्हणू शकली असती. जीभ तशी वळलीही होती. पण तिनं तो डाव मनातल्या मनात खेळून बघितला. चांगला झोंबला.

"यंत्र बंद किती येळ?"

"एक पाळी."

"दोन कर. एका पाळीनं पीक वाळत न्हाई."

गोमटेशनं दोन केल्या. तिच्याकडं बघितलं मात्र नाही.

रविवारी दोघं एकाच एसटीनं साताऱ्याला गेली, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. कंपनीतले दोन साहेब हसत खेळायला बसले. थोड्या वेळानं एक म्हणाला, "तू असा माणूस असशील असं वाटलं नव्हतं," आणि दुसऱ्यानं खुर्ची लांब ओढली. तेव्हा खेळ जमल्याचं कीर्तीला कळलं. गोमटेशलाही कळलं असणार, पण तिनं विचारलं नाही.