पट्टा सोडून घातलेला दंडवत

ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी मी पोटाचा पट्टा सोडला आणि महादेवापुढे साष्टांग दंडवत घातला. सहा आठवडे वाकायचं नाही, खोकतानासुद्धा पोटाशी उशी धरायची, ही डॉक्टरांची ताकीद मला तोंडपाठ होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मीच ती कौतुकाने म्हणून दाखवत असे.

एके काळी माझं वजन एकशे चव्वेचाळीस किलो होतं. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये माल तोलून घ्यायचं माझं काम, त्यामुळे "आधी साहेबांना काट्यावर घ्या रे" हा विनोद दर हंगामात नव्याने व्हायचा आणि सगळ्यांच्या आधी मीच हसायचो. पुढे साखर वाढली, दोन जिने चढलो तरी छाती भरून यायला लागली, तेव्हा नाशिकला जठर लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. दोन वर्षांत साठ किलो उतरलो. पण माणूस गेला आणि त्याची पिशवी मागे राहिली, तशी गत झाली. पोटाची मोकळी कातडी मांडीपर्यंत लोंबत होती. उन्हाळ्यात तिच्याखाली चिघळायचं, वास यायचा. मी पावडर थापून ती घडी पँटीत कोंबायचो. कपडे बदलताना कडी लावायचो. माझ्या बायकोने, सुनंदाने, दोन वर्षांत माझं पोट पाहिलं नव्हतं. शेवटी ती जादा कातडी कापून पोट आवळून घ्यायचं ठरलं. टमी टक म्हणतात त्याला. नाव ऐकून मला वाटलं, शर्ट खोचण्याइतकंच सोपं असेल.

आमच्या घराजवळ महादेवाचं जुनं देऊळ आहे. तिथे पुरुषांनी गाभाऱ्यात उघड्या अंगाने, सोवळं नेसून जायचं. मी वीस वर्षं नंदीपाशीच थांबलो. "आत गर्दी फार आहे," "गुडघा धरलाय," असली कारणं देवाच्या दारात उभा राहून सांगत आलो. मनात मात्र बोललो होतो, हे पोट जाऊ दे, मग उघड्या अंगाने आत येईन आणि दंडवत घालीन. सगळ्यांना मी नवस म्हणून सांगितलं. खरं होतं ते असं की, लोकांनी मला बघावं अशी माझी इच्छा होती. नवसाला मी ती चिकटवून दिली.

टाक्यांखाली साचणारं पाणी बाहेर काढायला लावलेली नळी नवव्या दिवशी काढली. अकराव्या दिवशी सोमवार होता. सुनंदा कामावर गेली आणि मी रिक्षा करून देवळात. गुरुजींनी मला टाक्यांच्या ओढीने पाठीतून वाकलेला पाहून सांगितलंसुद्धा, "अहो, पट्टा राहू द्या. देवाला चालतो. उभ्यानेच हात जोडा."

"गुरुजी, वीस वर्षं देवाने चालवून घेतलं. आज नाही."

गुरुजी मान हलवून अभिषेकाकडे वळले. मी पट्टा सोडला, आजूबाजूला कोणी ओळखीचं आहे का ते पाहिलं, आणि ओल्या फरशीवर पालथा झालो. आत काहीतरी टरकन फाटलं. आधी दुखलं नाही, नुसतं गरम लागलं. मग अभिषेकाच्या पाण्यात लाल रेघ मिसळून ती माझ्या नाकासमोरून वाहताना दिसली. उठायला गेलो तर उठता येईना. लहानपणापासून पाठ असलेलं एकही स्तोत्र आठवलं नाही. तोंडातून एवढंच निघालं, "सुनंदाला सांगू नका."

"कोण सुनंदा? गप पड," माझ्यामागून कोणीतरी म्हणालं. मान वळवली तर एक अवाढव्य माणूस. उघडं, केसाळ, माझ्या जुन्या पोटालाही मागे टाकील असं पोट, आणि त्याची त्याला काडीची लाज नाही. त्याने मला अलगद उताणं केलं, गुडघे दुमडून वर घेतले, खांद्यावरचा कोरडा पंचा घडी करून पोटावर दाबला. मी दोन्ही हातांनी पोट झाकू लागलो.

"हात काढ, येड्या! पोटच हे, सोनं नाय. माझ्याकडं बघ, मी झाकतो का? बायकोचं सिझर असंच उसवलं व्हतं. पाय सरळ केले तं मरशील."

देवळाच्या पायरीशी त्याची पिकअप उभी होती, विंचूरला चाललेली, मागे कांद्याचं रिकामं बारदान. त्याने बारदानाचा ढीग माझ्या गुडघ्यांखाली सारला, एक हात पोटावर दाबून शेजारी बसला आणि चालवणाऱ्याला सबंध वाटभर शिव्या घालत राहिला. प्रत्येक खड्ड्याला नवी शिवी. नाशिकच्या हॉस्पिटलात मला आत नेलं तेव्हा त्याचा हात माझ्या पोटावरून सुटला. त्यानंतर तो मला दिसला नाही.

पुढचे दिवस मला नीट लिहिता येणार नाहीत. टाके उसवले होतेच, फरशीच्या पाण्याने जखमेत पूही झाला. कातडीची कड काळी पडली, ती कापावी लागली. जखम उघडीच ठेवली. तळहात मावेल एवढं भोक, आणि एवढा वास की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने तोंड फिरवून घेतलं. एका दुपारी दाराबाहेर डॉक्टर सुनंदाला सांगत होते, "विष रक्तात उतरतंय. दोन दिवस गेले तर बघू." मी ऐकलं. नवस बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, द्यायला काहीच नाही. जे होतं ते उसवून ठेवलं होतं. तेव्हा आयुष्यात प्रथमच देवाला काही कबूल न करता म्हणालो, तुला काय करायचं ते कर, मी आता मध्ये पडत नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. औषधांनी उतरला, मी नाही म्हणत नाही.

घरी आल्यावर ड्रेसिंग सुनंदा करू लागली. पहिल्या दिवशी सवयीने माझा हात पोटावर गेला. तिने तो हात उचलून उशीवर ठेवला आणि कापूस भिजवला. कडी लावून दोन वर्षं मी काय वाचवत होतो, कोण जाणे. पन्नास दिवस ती रोज ते पोट बघत होती, आणि मी नुसता पडून होतो. शरण जाणं म्हणतात ते मला देवळात जमलं नाही, त्या खाटेवर जमलं.

डॉक्टर म्हणाले, मला कोणी रिक्षात बसवून आणलं असतं तर रक्त थांबलं नसतं. गुरुजींना विचारलं. त्यांनी त्या माणसाला आधी कधी पाहिलं नव्हतं. गाडीचं इंजिन तापलं म्हणून तो पाणी मागायला थांबला होता, आलोच आहे तर दर्शन घेऊ म्हणून आत आला. विंचूरच्या बाजारात आम्ही दोनदा जाऊन चौकशी केली. त्या वर्णनाचे लोक तिथे बरेच निघाले, तो निघाला नाही. पाहुणे म्हणतात, साक्षात महादेव आला. मला माहीत नाही. आला असेल तर त्याच्या अंगाला कांद्याचा वास येतो आणि तो फार शिव्या देतो, एवढं मी सांगू शकतो. त्याच्यासाठी रोज हात जोडतो.

जखम भरली. पोट सपाट झालं नाही. डावीकडे खड्डा, उजवीकडे उंचवटा, मध्ये दोरीसारखा व्रण. परवा सोमवारी सुनंदाला सांगून, उघड्या अंगाने गाभाऱ्यात गेलो. पिंडीपुढे उभ्यानेच हात जोडले, डोळे भरून आले, आणि आता सगळे माझ्या व्रणाकडे पाहत असतील, पाहू देत, म्हणून मी पोट न झाकता तसाच थांबलो. बराच वेळ थांबलो.

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला. "सरका आता. लोक देव बघायला आलेत, तुमच्या पोटाचं कोणाला पडलेलं नाही."