तिमाऊने घेतलेलं नाव

पॅसिफिक महासागरातल्या मार्केसस बेटांवरच्या आमच्या खाडीत तिमाऊइतका अबोल माणूस दुसरा नव्हता. दिवसभरात त्याच्या तोंडून चार शब्द पडले, तर त्याची बायको ताहियाहुई ते शेजारणींना कौतुकाने जाऊन सांगायची. नीरफणस पाडावेत, खड्ड्यात पुरून आंबवावेत, मासे धरावेत आणि गप्प बसावं, एवढाच त्याचा संसार.

मग ते पांढरं जहाज आलं. त्यावर कुणी मोठा नामांकित लेखक होता, हेनेरी नावाचा. छाती कमजोर, म्हणून समुद्राची हवा खात बेटाबेटांवरून फिरायचा. सगळा गाव जहाजावर चढला. लोकांनी त्याच्या पेट्या उघडून पाहिल्या, आजोबांच्या लढाया ऐकवल्या, बिचाऱ्याचं डोकं उठवलं. तिमाऊ तेवढा कोपऱ्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी लेखक आपणहून किनाऱ्यावर आला आणि त्याच्याशेजारी खडकावर बसला. जहाज निघण्याआधी दोघांनी एकमेकांशी नावं बदलली.

आमच्याकडे नाव बदलणं ही चेष्टा नव्हे. घरदार, आईबाप, अब्रू, सगळं एकमेकांचं होतं. आमचा तिमाऊ हेनेरी झाला आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत सख्खा भाऊ गेल्यासारखा रडला.

घोळ पुढे झाला. हेनेरी म्हणजे गोष्टी सांगणारा, मग आता आपल्याकडेच हेनेरी आहे म्हटल्यावर गाव सोडतो होय? पहिल्याच जेवणावळीला त्याला उभं केलं.

"एक मासा होता," तो म्हणाला.

"मग?"

"गेला."

ताहियाहुईने कपाळाला हात लावला. "नाव मोठं, लक्षण खोटं! अरे, कुठे गेला एवढं तरी सांग."

गावचा म्हातारा मुखिया पुहेतिनी मात्र हसला नाही. "पाहुण्याची अब्रू आहे ती," तो म्हणाला. "पुढच्या वेळी जमलं नाही, तर नाव परत कर."

नाव परत करायचं म्हणजे भाऊ तोडायचा. ह्याने सराव सुरू केला. डुकरांपुढे गोष्टी सांगून पाहिल्या, तर डुकरंही उठून गेली.

पुढची जेवणावळ आली. त्या दिवशी खोबरं न्यायला आलेल्या गलबताचा तांडेलही पंगतीला होता. 'हेनेरी, ऊठ' अशी हाक ऐकून तो खाता खाता थांबला.

"हेनेरी तू काय? दक्षिणेच्या बेटावर पांढऱ्या जहाजावरचा तो हडकुळा गोरा भेटला होता. लोक गोष्ट सांग म्हणून मागे लागले, तर म्हणतो कसा, 'मी तिमाऊ. तिमाऊ बोलत नसतो. गोष्टी माझ्या भावाकडे आहेत, त्याला विचारा.' मग खुशाल समुद्राकडे बघत बसला."

आमचा हेनेरी उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

"माझ्याजवळ येऊन बसला तेव्हा तो खोकत होता," तो म्हणाला. "प्रत्येक शब्दाला खोकला. मला वाटलं, ह्याला आणखी कशाला बोलायला लावायचं?"

"मग?" पुहेतिनीने विचारलं.

"मग आम्ही अंधार पडेपर्यंत गप्प बसलो."

सगळी पंगत खो खो हसली. पुहेतिनीने डोळे पुसले, नीट मांडी घालून ऐकायला बसला आणि म्हणाला, "बरं. आणि दुसऱ्या दिवशी?"