मान्सा शिंपीण आणि माझी एक रिंग

मान्साबद्दल चांगलं बोलायचं तर मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. तरी सांगते. आमच्या या किनाऱ्यावरच्या एल्मिना गावात तिच्याबद्दल वाईट बोलणारी मी एकटीच आहे आणि माझं कुणी मनावर घेत नाही.

आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक बुटकी भिंत आहे. अलीकडे माझ्या मासे धुरवायच्या भट्ट्या, पलीकडे तिचं शिवणाचं मशीन. तिला मूलबाळ नाही, नवरा केव्हाच दुसरीचा संसार करायला निघून गेला. हात मात्र चांगला. तिनं शिवलेला पोशाख अंगावर चढवला की साठीची बाई पन्नाशीची दिसते, हे मीही कबूल करते.

पण तिचा खरा जीव फोनमध्ये. स्वस्तात बोलायची कुठलीही नवी सोय निघाली की आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा मान्साच वापरून बघणार. आधी ती नंबर खरवडून परदेशी फोन लावायची कार्डं आली, त्यात माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा. मग मोजक्या अक्षरांचे स्वस्त निरोप. मग इंटरनेटवरून बोलणं. प्रत्येक सोय ती आधी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या चुलतबहिणीवर आजमावायची. "ऐकू येतंय? आता? बरं, आता खोकून दाखव!" पटली की सगळ्यांना बोलावून शिकवायची. रविवारी चर्च सुटलं की ज्यांची मुलं परदेशात, त्या साऱ्या बायका तिच्या बाकावर.

मीही जायची, नाक मुठीत धरून. माझी एवुरामा हॅम्बुर्गला म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. माझा फोन जुना, बटणांचा, म्हणून पोर मान्साच्या फोनवर कॉल करायची. मग भिंतीवरून हाक यायची, "एकुआ, ये गं लवकर, लेक आलीये!" मी हात धुऊन पोचेपर्यंत दोघींच्या निम्म्या गप्पा झालेल्या असायच्या. पोरीनं घर बदललं, ते मला मान्सानं सांगितलं. पोरीला खोकला झाला, त्यावर मान्सानं औषधही सुचवून टाकलं. माझ्या पोटच्या पोरीची खबर मला शेजारणीनं द्यायची! एकदा तर मी बाकावर टेकत होते आणि फोनमधून एवुरामा हसत होती, लहानपणी हसायची तशी, श्वास अडकेपर्यंत. मी फोन घेतला आणि हसणं थांबलं. "बरी आहेस ना आई? जेवलीस?" झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून मी गुपचूप नवा फोन घेतला. बंदराजवळच्या दुकानदारानं त्यात ते इंटरनेटचं बोलणं घालून दिलं आणि लेकीचा नंबर चढवला. "आजी, तुमचं नाव टाकू? फोटो?" त्यानं विचारलं.

"कशाला? आई कशी दिसते ते माझ्या पोरीला ठाऊक आहे," मी म्हणाले.

आता आमची रीत अशी, की एक रिंग द्यायची आणि कापायचं. ज्याच्या हातात पैसा जास्त त्यानं उलट कॉल करायचा. परदेशात कमावणाऱ्या लेकीला आईनं पुरता कॉल लावला, तर त्यात लेकीचीच अब्रू जाते. हा कॉल फुकट पडतो, असं दुकानदार म्हणाला होता. पण रीत ती रीत. रोज सकाळी भट्टी पेटली की मी एक रिंग द्यायची, कापायची, आणि फोन कमरेला खोचून वाट बघायची.

तीन आठवडे गेले. पोरीनं एकदाही उलट कॉल केला नाही. आणि रविवारी मात्र मान्साच्या फोनवर खळखळाट! तेव्हा मला वाटलं, या बाईनं माझी लेक पळवली. नळावर चार जणींसमोर मी बोलून गेले, "ज्यांच्या झाडाला फळ धरत नाही, त्यांचा डोळा नेहमी दुसऱ्याच्या फांदीवर." मान्सा बादली भरत होती. तिनं भरली आणि ती गेली.

पुढच्या रविवारी बाक भरलेला होता, टोकाला मीही होते. एवुरामाचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा लावलेला.

"मावशी, तिकडचा कुणीतरी मेला मला छळतोय गं. रोज एक रिंग देतो नि कापतो. ना नाव, ना फोटो. काल ब्लॉकच केला त्याला."

"नंबर सांग मला. मेल्याची खोडच मोडते!" मान्सा म्हणाली.

उठून जावं, तर सगळ्यांच्या नजरेत येणार. मान्सानं खडूनं कापडावर नंबर लिहिला, लेकीचा फोन ठेवला, पदर सावरल्यासारखा खांद्यावरचा कपडा सावरला आणि शिवी तोंडात तयार ठेवून नंबर लावला.

माझ्या कमरेला फोन वाजायला लागला.

पाच बायकांच्या माना वळल्या. मान्सानं माझ्या कमरेकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. नळावरचं बोलणं फेडायला याहून चांगली वेळ तिला जन्मात मिळाली नसती.

"अगंबाई!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "हा फोन तर माझाच! नवी सेवा आजमावायला एकुआकडे ठेवला होता मी. विसरलेच की!"

"मान्सा, या फोनांनी तुला खुळं केलंय," बायका हसल्या. तिच्यावर हसल्या, आणि हळूहळू आपापल्या घरी गेल्या.

मान्सानं अंगठ्यानं लेकीला काहीतरी लिहून पाठवलं. थोड्या वेळानं माझा फोन पुन्हा वाजला. या वेळी तो वाजतच राहिला.

"आई? रोज तूच होतीस?"

"मग कोण असणार?"

"अगं, मग मी उचलेपर्यंत वाजू द्यायचं ना!"

"मी रिंग दिली होती. कॉल करणं लेकीचं काम."

आणि पोर हसायला लागली. तेच हसणं, श्वास अडकेपर्यंत, आणि ते माझ्यासाठी होतं. काय काय बोललो आठवत नाही. माशांचं, थंडीचं, तिच्या नव्या खोलीच्या खिडकीचं. मग ती म्हणाली, "आई, मावशी आहे का तिथं? दे ना तिला जरा."

मान्सा माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिनं मान वर केली आणि फोन धरायला म्हणून खडूचे हात कपड्याला पुसले.

"नाही गं," मी म्हणाले. "आत्ताच कुठंतरी गेली."

मान्सानं ऐकलं. पुसलेले हात तिनं मांडीवर ठेवले. मग अर्धवट शिवलेली बाही उचलली, मला हातानंच 'बोल, बोल' अशी खूण केली आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं. मी तिच्याच बाकावर बसून बोलत राहिले.