एकशेवीस-ऐंशी

परवा शाळेत कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीत बीपीचा पट्टा चर्रकन उघडला आणि मला आमचे जुने शिपाईकाका आठवले. ते असताना एका वर्षी अशाच तपासणीत सिस्टरने सगळ्यांचं वजन घेतलं, नाडी धरली, पण बीपीचं मशीन चाललंच नाही. ती तशीच परत गेली. तपासणीचा तक्ता मात्र त्याच दिवशी साकोलीच्या कार्यालयात पोचायला हवा होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून मुख्याध्यापक मला म्हणाले, "सगळ्यांचा एकशेवीस-ऐंशी लिहून टाका." मी लिहिला. तक्ता न्यायला काकाच आले. दोन दिवसांपासून त्यांचं डोकं दुखत होतं आणि साकोलीला जातच आहेत तर ते दवाखान्यातही जाणार होते. सिस्टरने मनगट धरलं, तीच बीपीची तपासणी असं त्यांना वाटलं होतं. स्वतःच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, मायं बरोबर हाये न?" मुख्याध्यापक समोरच बसले होते. मी हो म्हटलं. "मंग कायले जाऊ दवाखान्यात," म्हणत त्यांनी तक्ता जपून पिशवीत ठेवला. चौथ्या दिवशी परिपाठाची घंटा देता देता ते व्हरांड्यात कोसळले. मेंदूतली नस फुटली होती. परवा माझा बीपी एकशेवीस-ऐंशी निघाला. नवी सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. "काहून रडून राहिल्या, मॅडम? नॉर्मल तं हाये."