हत्तीवर हरीण उभं करणारी मावशी

आक्राच्या मावशीच्या अंगावर एकही वस्तू मुकी नव्हती. कमरेला गुंडाळलेलं कापड बोलायचं, गळ्यातले मणी बोलायचे, आणि ते थांबले की मावशी बोलायची. आफ्रिकेतल्या घाना देशातलं आक्रा हे तिचं शहर आणि गा हे तिचे लोक. इकडे परदेशात, ॲन आर्बर शहरात, आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, ती मुलाकडे राहायची. तिचं इंग्रजी माझी सून सुनीता मला समजावून सांगायची. सुनीता नसली की मावशी तेच वाक्य दुप्पट मोठ्याने म्हणायची, म्हणजे मला कळेल.

पहिली ओळख भांडणानेच झाली. तळघरात कपडे धुवायच्या मशीनपाशी ती आली, तेव्हा तिच्या कापडावर हत्ती होता आणि हत्तीच्या पाठीवर चक्क हरीण उभं होतं. मला राग आला. आमच्या गावी निवडणूक आली की वस्तीतल्या भिंतीभिंतीवर हत्ती असायचा. ती आमची निशाणी. तिच्यावर कोणी पाय द्यायचा म्हणजे काय! एरवी मी कोणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी ते हरीण बोटाने खाली ढकलून म्हणाले, "नो! एलिफंट माय!"

मावशी मशीनवर डोकं टेकून इतकी हसली की मशीनच थरथरतंय असं वाटलं.

संध्याकाळी मावशीसमोरच सुनीताने खुलासा केला. ही गा लोकांच्या राजाची निशाणी. नुसत्या अंगाने मोठं असून वर पोचता येत नाही, अक्कल लागते, असा तिचा अर्थ. माझा चेहरा बघून मावशीने पुढे जोडलं, "पण सिस्टर, हरणाला पाठीवर उभं राहू देणारा हत्तीही शहाणाच म्हणायचा." तेवढ्यावर मिटलं.

पौर्णिमेला बुद्धवंदनेसाठी मी पांढरी साडी नेसले की वरच्या मजल्यावरच्या काकू हळूच विचारायच्या, "कोणी गेलं का हो?" मावशी मात्र जिन्याखालून ओरडायची, "कोण जन्मलं?" त्यांच्यातही पांढरं आनंदाचं. मला तीच जास्त जवळची वाटायची.

मग तिच्या घरी नात जन्मली. त्यांच्यात आठव्या दिवशी, उजाडता उजाडता, बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणतात. छपरावर पाणी उडवतात, त्याचे थेंब बाळावर पडू देतात, आणि नाव ठेवतात. ज्याच्या हातात बाळ आकाश पाहतं, त्याच्या स्वभावावर ते जातं.

"आई, बाळ धरायला त्यांनी तुम्हाला चूज केलंय," सुनीता म्हणाली.

शाळेत नाव विचारलं तरी रडणारी मी. चौथीनंतर घरी बसवलं, तेव्हाही तोंडातून शब्द निघाला नव्हता. हा भित्रेपणा त्या पोरीला कशाला? मी नको नको म्हणत राहिले. मावशी म्हणाली, "आमच्या घरात सगळे एकदम बोलतात. ऐकणारं एक तरी जन्माला येऊ दे."

बाहेर बर्फ. "आई, बाळाला थंडी लागेल, हे सगळं कॅन्सल करा," माझा मुलगा म्हणत होता. मावशीने तोड काढली. बाळाला ब्लँकेटात गुंडाळून माझ्या हातात दिलं, आम्ही दाराच्या उंबऱ्यापर्यंतच आलो, आणि छप्पर म्हणून तिने आपली मोठी छत्री उघडली. "राजाच्या डोक्यावर असतेच की," म्हणाली. छत्रीवर पाणी ओतलं. एक थेंब बाळाच्या कपाळावर पडला. उरलेलं सगळं माझ्या पाठीत, ब्लाऊजच्या आत.

मी किंचाळले. जन्मात कधी एवढी किंचाळले नव्हते. वरच्या काकूंनी खिडकी उघडली. आणि झोपलेल्या बाळाने टक्क डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

पुढे मावशीच्या मुलाला दूर दुसऱ्या राज्यात, चँडलरला, नोकरी लागली आणि ते सगळे तिकडे गेले. मावशी मधूनमधून फोन करायची, सुनीता शेजारी बसून अर्थ सांगायची. काही वर्षांनी एकदा तिच्या पाठीमागे कोणीतरी कानठळ्या बसतील असं ओरडत होतं.

"ऐकलंस? तुझीच पोर! घर डोक्यावर घेते. शाळेतून तक्रार आलीय. आता हिला गप्प कशी करू, तूच सांग."

मला हसू आलं, आणि मग रडूही. चार शब्दांच्या माझ्या इंग्रजीत मी जोरात म्हणाले, "नो गप्प! मावशी, नो गप्प!"

आतल्या खोलीतून माझा मुलगा धावत आला. "आई, कोणावर ओरडतेयस?"