गोबरवाही, शून्य सहा शून्य दोन

अनय, रेवा — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भंडाऱ्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आहे. म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

तुमचे आजोबा एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते. जिथे रडार पोहोचत नाही, तिथे विमान दिसत नाही. पायलट सांगतो — अमुक ठिकाण इतक्या वाजता ओलांडलं, पुढचं इतक्या वाजता येईल — आणि कंट्रोलर ते कागदी पट्टीवर लिहितो. ठरल्या वेळेनंतर तीन मिनिटांत निरोप आला नाही की विचारपूस सुरू. विमानांचं घड्याळ साऱ्या जगाचं एकच, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

रिटायर झाल्यावर त्यांनी हाच नियम घरात आणला. कुणी गावाला निघालं की टप्प्याटप्प्यावरून फोन, आणि टेबलावर पट्टी. ते गेल्यावरही मी तो पाळते. वेळ मात्र आपल्याच घड्याळाची लिहिते.

गेल्या धानकापणीत लहान आजोबा, म्हणजे माझे दीर वसंत भाऊजी, स्कूटरवर नाकाडोंगरीच्या शेतावर निघाले. ते इन्सुलिन घेतात. तुमसरहून फोन आला.

"वयनी, तुमसर अकरा दहा. नाकाडोंगरी अकरा पन्नास. मी काय विमान आहो का वो?"

"विमानं एवढी कटकट करत नाहीत, भाऊजी. काही खाल्लंत का?"

"पोचून खातो ना!"

दोन्ही वेळा लिहिल्या आणि तांदूळ निवडत बसले.

अकरा त्रेपन्न झाले, फोन नाही. मी लावला तर लागेना. पट्टी उचलली... माझ्या दोन ओळींखाली तिसरी ओळ होती — गोबरवाही ०६०२. अक्षर माझंच. लिहिल्याचं आठवत नाही. मध्ये कुणाचा फोनही आला नव्हता.

गोबरवाही त्याच वाटेवरचं गाव; पण पहाटेचे सहा? मग सुचलं, साडेपाच तास मिळवले — अकरा बत्तीस. पुढच्या टप्प्याची जागा कोरी होती. आजोबा म्हणायचे, पुढची वेळ नाही म्हणजे विमान पुढे सरकत नाही.

नाकाडोंगरीत आपलं शेत बघणाऱ्या मनोहरला फोन केला.

"काकू, कायले घाबरता? जंगलात नेटवर्क नाही रायत."

"मोटारसायकल काढ. गोबरवाहीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शोध. साखर घेऊन जा."

भाऊजी गोबरवाहीलाच सापडले, रस्त्याखाली झुडपांमागे. घामानं भिजलेले, बोलता येत नव्हतं; गिळता येत होतं, एवढंच. मनोहरनं साखरपाणी पाजून दवाखान्यात नेलं. आणखी उशीर झाला असता तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी भाऊजी मला म्हणाले, "वयनी, चक्कर आली तवा घड्याळ पायलं होतं मी. अकरा बत्तीस. तुमाले सांगाचं होतं, पण मोबाइलच हाती धरता नाही आला."

मी पट्टीबद्दल अजून एक शब्द काढला नव्हता.

काळजीत माणूस नकळत काहीबाही लिहितो, असं नंतर पट्टी दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले. असेल. पण नेमकं ते ठिकाण, ते मिनिट, आणि तेही आजोबांच्या घड्याळानं?

माणूस सुखरूप पोहोचला की पट्टी टेबलावरून काढायची, हा नियम. त्याआधी प्रत्येक रिपोर्टला 'मिळाला' असं उत्तर द्यायचं, हाही नियम. भाऊजी घरी आले त्याला वर्ष होत आलं. पट्टी अजून टेबलावरच आहे... गोबरवाहीच्या रिपोर्टचं उत्तर कुणाला द्यायचं, ते मला ठरवता आलेलं नाही.